देव्हाऱ्यातली सिस्टर

ताट वाढून झालं होतं, पण करुणा सिस्टरला घास उचलेना. समोरच्या देव्हाऱ्यात, खंडोबाच्या टाकाशेजारी, तिचाच फोटो होता. पोलिओचे डोस पाजायच्या दिवशी शाळेपुढं सगळ्यांचा फोटो निघाला होता. त्यातून तिला कात्रीनं कापून काढलं होतं. कापणाऱ्याचा हात जरा वाकडा गेल्यामुळं डॉक्टरांचा अर्धा खांदाही तिच्याबरोबर देवात जाऊन बसला होता. तिच्या कपाळावर ताजं कुंकू होतं.

सारजा कौतुकानं बघत होती. नातवाचा, समाधानचा, आज पहिला वाढदिवस. त्यासाठी मिशन दवाखान्यातल्या सिस्टरला तिनं मुद्दाम शेळगावला जेवायला बोलावलं होतं. वर्षापूर्वी याच घरात पोर जन्मलं ते निळं, न रडणारं. सिस्टरनं तोंडानं वारा भरला आणि ते जगलं, हे आता आसपासच्या तीन गावांना पाठ होतं.

खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी करुणाला बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याचीच भीती वाटली. ख्रिस्ती माणसानं श्रेय स्वतः न घेता देवाकडं बोट दाखवावं, असं ती लहानपणापासून ऐकत आली होती. इथं बोटालाच हळदकुंकू लागलं होतं.

तिनं फोटो काढायला सांगितलं. सारजा हसली. चांगली माणसं अशीच बोलतात, असं काहीतरी ती सुनेला, रतनला, म्हणाली.

"आक्का, फुंकर मी घातली. जीव मी न्हाय घातला."

"मग कुनी घातला?"

वीस वर्षं करुणा दारोदार हिंडली होती, पण हे कुणी विचारलं नव्हतं. उत्तर तयार होतं. समाधानची गोष्ट तिनं चर्चमध्ये उभं राहून साक्ष म्हणूनही सांगितली होती. प्रभूनं माझे हात वापरले, असं ती म्हणाली होती आणि सगळ्यांनी आमेन म्हटलं होतं. तेच वाक्य आता जिभेवर आलं आणि तिला त्याची लाज वाटली.

तिनं ताट बाजूला सारलं आणि त्या दुपारी खोलीत काय झालं ते सांगायला लागली. पाव तास फुंकूनही पोर हललं नव्हतं. रतन शुद्धीवर नव्हती आणि तिचं रक्त थांबत नव्हतं. मग सिस्टरनं पोराला फडक्यात गुंडाळून सुपात ठेवलं आणि ती आईकडं वळली. रक्त थांबल्यावर मागच्या न्हाणीत हात धुवायला गेली. बाहेर बसलेल्या बायकांना कसं सांगायचं, याची जुळवाजुळव करत होती, तेवढ्यात रडणं ऐकू आलं. ती धावली, पोर उचललं आणि बायका आत आल्या तेव्हा ते तिच्या हातात होतं. बघणाऱ्यांनी जे बघितलं ते गावभर झालं.

"मी त्याला मेलेलं म्हणून सोडलं हुतं, आक्का. आजपतुर कुनाला सांगितलं न्हाय."

रतननं खेळणारं पोर ओढून मांडीत घेतलं आणि पदराखाली झाकलं. करुणाला ते लागलं. आता हेही तीन गावांत पोचणार, उद्या कोण आपल्याला बाळंतिणीपाशी बोलावणार, असं सगळं तिच्या मनात येऊन गेलं. तरी वर्षभरात पहिल्यांदाच तिची छाती हलकी झाली होती.

सारजा उठली. तिनं देव्हाऱ्यातला फोटो उचलला आणि त्यावरचं कुंकू पदरानं पुसलं. भिंतीवर तिच्या दोन सासरी गेलेल्या लेकींचा फोटो होता. त्याच्या चौकटीत कडेला तिनं सिस्टरचा फोटो खोचला आणि नीट बसला का ते बघितलं. मग येऊन करुणाच्या अगदी जवळ बसली, ताट परत तिच्यापुढं सरकवलं आणि हळू आवाजात विचारलं,

"आता सांगा. तुमी हात धुवायला गेल्यावर हितं कोन आलं हुतं?"