ओट्याचा कोपरा

"अण्णा, मी कोण?" रिकाम्या हॉलमध्ये मृदुलाने वडिलांना विचारलं.

अण्णा कसनुसं हसले. "बाई, तुम्हीच सांगा."

सकाळी टेकडीवरच्या गंगोत्रीनगरातलं भाड्याचं घर बघायला आत पाऊल टाकताच त्यांनी तिला "मृदू" अशी हाक मारली होती. टॉवरची रेंज असेल तिथेच त्यांच्या डोक्यातली स्मृतीची चिप चालायची, आणि गंगोत्रीनगरात घरभर रेंज होती. पण तिथल्या भाड्यात तिचा सगळा पगार गेला असता. नाल्यापलीकडची ही वस्ती तेवढी परवडणारी होती.

"बेडरूममध्ये बघा ना," एजंट धुमाळ म्हणाला. तिथेही 'बाई'च. बाल्कनीत तर अण्णा तिचा हात झिडकारून जिन्याकडे निघाले. तिने त्यांना अक्षरशः ओढतच स्वयंपाकघरात नेलं. ओट्याच्या कोपऱ्यात, खिडकीजवळ, ते एकदम थबकले.

"मृदू, किती वाळलीस गं! आणि रडतेस कशाला?"

तिने त्यांचे दोन्ही हात गच्च धरले. त्यांना एक पाऊलही हलू द्यायची तिची हिंमत होईना.

"मॅडम, दुसरं घर दाखवू?"

"नको. शेगडी मी हॉलमध्ये ठेवीन," ती म्हणाली. "इथे अण्णांची कॉट मावेल का, तेवढं बघा."