तिसऱ्या वर्षाचा लाल

सुलेखाने फावडं मातीत रोवलं आणि मागे वळून फाटकाकडे पाहिलं. जगदीशला शेजारचा कृष्णा गाडीतून सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानांत घेऊन गेला होता, भाजी आणि जिलबी आणायला. तासभर तरी दोघे यायचे नव्हते. तेवढ्यात तिला चोरी उरकायची होती, आणि तीही स्वतःच्याच परसातली.

वाफ्यात मंजिष्ठा होती. परदेशात, माउंट रॉस्किलच्या या घरात आल्या आल्या जगदीशने ती लावली, त्याला आता दोन वर्षं झाली. तिची मुळं गरम पाण्यात मुरवली की लोकरीला लाल रंग चढतो. पण मुळं तीन वर्षांची होऊ द्यावी लागतात. आधी उपटली तर लाल येत नाही, विटकरी येतो. जगदीश तर वाफ्यातलं तणसुद्धा हाताने काढायचा, मुळांना धक्का लागू नये म्हणून.

हे खूळ त्याचंच. आठवडाभर कॉम्प्युटरपुढे बसणारा हा माणूस शनिवारी लोकरीचा अंगरखा चढवून ढाल-तलवारीनिशी मैदानात उतरायचा. जुन्या लढाया वठवणाऱ्या त्यांच्या क्लबात सगळं मध्ययुगातल्या युरोपासारखं लागे. टाका हाताचाच, रंग झाडपाल्याचाच. मराठी मंडळातले लोक चिडवायचे, "गणपतीत सोवळं नेसायला लाजतोस, आणि तिकडे झगा घालून फिरतोस होय रे!" सुलेखाही हसायची. हसता हसता ती भरतकामाला कधी बसली, ते तिलाच कळलं नाही. नव्या अंगरख्याच्या छातीवर तिने डाळिंबाचं झाड भरलं होतं. पानं झाली, फांद्या झाल्या. डाळिंबं तेवढी कोरी होती. त्यांना घरचाच लाल हवा, तिसऱ्या वर्षाचा, असा जगदीशचा हट्ट. सँडरिंगहॅमच्या दुकानात मंजिष्ठेची पूड मिळते, लोक ती तोंडाला लावतात. तीच आणू या का, असं तिने एकदा विचारलं, तर तो जेवताना तिच्याशी बोलला नव्हता.

तिसरं वर्ष पुढच्या हिवाळ्यात भरणार होतं. जगदीश येत्या उन्हाळ्यातला इथला ख्रिसमस तरी बघेल की नाही, हे डॉक्टरांना सांगता येत नव्हतं.

घरात हे एकट्या सुलेखाला ठाऊक होतं. स्कॅनच्या दिवशी तो आत कपडे बदलत होता, तेव्हा तिने डॉक्टरीणबाईंना कॉरिडॉरमध्येच गाठलं आणि खरं काय ते काढून घेतलं. "त्याला सांगू नका," ती म्हणाली. बाई गोंधळल्या. इथे असं करत नाहीत, आधी पेशंटलाच सांगतात. शेवटी त्या म्हणाल्या, मी आज आपणहून विषय काढणार नाही, पण त्याने विचारलं तर खोटं बोलणार नाही. सुलेखा स्वतः फार्मसिस्ट. घरी आल्यावर तिने यकृताला सूज आहे म्हणून सांगितलं आणि त्याने मान डोलावली. एक प्रश्न विचारला नाही. तिला हायसं वाटलं, आणि मग त्याचीच लाज वाटली.

तेव्हापासून ती त्याला चोरून न्याहाळत असे. गेल्या आठवड्यात त्याच्या बोटांची टोकं तांबूस दिसली. ड्यूटीवर तिने त्याच्या एकेका औषधाचे दुष्परिणाम पुन्हा वाचून काढले. तांबूस बोटं कुठेच नव्हती. म्हणजे आजारच पुढे सरकला, असं तिने धरलं. आता थांबण्यात अर्थ नव्हता. विटकरी तर विटकरी, पण डाळिंबं भरलेली त्याने बघायला हवी होती. मुळं कुजायला लागली म्हणून काढली, अशी काहीतरी थाप मारता आली असती.

थंडीने पाला वाळून गेला होता. वर नुसत्या काटक्या उरल्या होत्या. तिने एक धरून ओढली. ती अलगद हातात आली आणि खाली मूळ नव्हतं. दुसरी ओढली. तिसरी ओढली. सगळ्यांची टोकं कात्रीने कापलेली होती. कुणीतरी मुळं काढून, माती सारखी करून, काटक्या जागच्या जागी परत रोवल्या होत्या. ती गुडघे टेकून दोन्ही हातांनी माती उपसायला लागली.

"तिथे काही नाहीये," मागून जगदीश म्हणाला.

तो फाटकाला धरून उभा होता. दमला म्हणून कृष्णाने त्याला अर्ध्या वाटेतून परत आणून सोडलं होतं. तो हळूहळू शेडमध्ये गेला, गवत कापायच्या मशिनमागून एक पिशवी काढली आणि तिच्या मांडीवर रिकामी केली. लोकरीच्या लडी होत्या. विटकरी रंगाच्या. पिशवी धरणाऱ्या त्याच्या बोटांची टोकंही त्याच रंगाची होती.

"तू ड्यूटीवर होतीस तेव्हा केलं. उकळलं की लाल मरतो, म्हणून पाणी उकळू दिलं नाही, बसून राहिलो पातेल्यापाशी. पण दोन वर्षांच्या मुळांचा रंग एवढाच चढतो." तो वाफ्याच्या कडेवर टेकला. "आठवडा झाला. तुला द्यायचं कसं, तेच सुचत नव्हतं."

सुलेखाला रडू फुटलं. मातीच्या हातांनी तिने तोंड झाकलं.

"तुला कधी कळलं?"

"स्कॅनच्याच दिवशी. तू गाडी आणायला गेलीस, तेव्हा मी विचारलं." त्याने तिच्या केसांतली वाळलेली काटकी काढली. "तुम्हाला कळलंय हे बायकोला सांगायचं का, असं बाईंनी मला विचारलं. मी म्हटलं, तिला सांगू नका."