स्वागताचं गाणं

“आपण सगळे एकाच घरातले,” झांबियातल्या किट्वे शहरातल्या या दुकानाचे पहिले मालक बावीस वर्षांपूर्वी गहिवरून म्हणाले होते. मग त्यांनी दुकान विकलं. दुसऱ्या मालकांनीही गहिवरून विकलं. आज तिसरे साहेब आले. नव्या मालकाला दुकानात काम करणाऱ्या बायका नाचत बेंबा भाषेतलं ठरलेलं गाणं म्हणून आत घेतात. पहिली ओळ गल्ला सांभाळणाऱ्या बाईची, म्वाबाच्या आईची. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, ‘एकाच घरातले’ पुन्हा ऐकवलं आणि कागद वाटले: नोकरी आजपासून नवी, मागची वर्षं धरायची नाहीत, सही करा. “घरातल्यांची सही घेतात का गं?” पावाच्या काउंटरवरची बाई कुजबुजली. साहेबांनी हसून विचारलं, “गाणं गोड होतं, आई. अर्थ काय?” आधीच्या दोघा मालकांना म्वाबाच्या आईने ‘स्वागत आहे’ एवढंच सांगितलं होतं. आज बिनसहीचा कागद साहेबांच्या हातात ठेवत ती म्हणाली, “तरस आलाय, बायांनो, तरस आलाय, कोंबड्या झाका.”