कसलेला हात

ब्रेकपॅड मेकॅनिकच्या हातातून निसटून फरशीवर पडला आणि त्याचे दोन भाग झाले. लोखंडी पट्टी एकीकडे, काळा थर दुसरीकडे. त्याने खोक्यातला दुसरा पॅड घेतला आणि नखाने त्याची कड उचकटली. तोही थर अलगद सुटून आला.

"नकली माल," तो पुटपुटला आणि दुसऱ्याच क्षणी त्याच्या तोंडचं पाणी पळालं. याच मालातले पॅड त्याने कालच सासरेबुवांच्या गाडीला बसवले होते. स्वतःच्या हातांनी. वर "आता डोळे मिटून चालवा, बाबा," असंही म्हणाला होता.

आणि सासरेबुवा आज सकाळीच सासूबाईंना घेऊन घाटाखाली धाकट्या लेकीकडे निघाले होते.

त्याने फोन लावला. घाटात तो लागणार नव्हताच. गॅरेजचा हिशेब बघणारी त्याची बायको खुर्चीतून उठून धावत आली.

"मी सांगत नव्हते, बाबांच्या हातात गाडी नको म्हणून? डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. समोर उभा असलेला माणूस ओळखत नाहीत ते!"

"अगं, चूक माझी आहे. त्यांची नाही."

"ब्रेक तुमची चूक. किल्ली माझी. मागेच काढून घ्यायला हवी होती. आज घेतेच."

त्याने भंगाराच्या डब्यात हात घातला. सासरेबुवांच्या गाडीचे जुने पॅड कालच त्यात टाकले होते. झिजलेले होते, पण अस्सल होते. त्यांनी घरापर्यंत नक्की पोचवलं असतं. ते आणि हत्यारांची पिशवी घेऊन दोघं निघाले.

सासरेबुवा हे मोठं प्रकरण होतं. दारातून आत येताना मान वाकवावी लागेल एवढी उंची, आणि आवाज त्याहून उंच. जावई त्यांच्या जेमतेम खांद्याला लागायचा. सासूबाई त्यांच्या कोपरापाशी संपायच्या आणि कुणी काही विचारलं की "ह्यांनाच विचारा," म्हणून मोकळ्या व्हायच्या. किल्लीचा विषय निघाला की सासरेबुवा टेबलावर थाप मारत. "वर्षभरात गाडीवर एक ओरखडा दाखवा. एक!" आणि ओरखडा खरोखरच नसायचा. कालही जावयाने क्लच तपासला, तर एवढ्या जपून वापरलेला क्लच त्याने कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. बायकोला हे सांगितलं, तर तिने नाक मुरडलं होतं.

घाट सुरू झाला. प्रत्येक वळणावर त्याची नजर आधी दरीकडे जायची, मग रस्त्याकडे. काही बरंवाईट झालं असतं, तर त्याने पुन्हा पान्याला हात लावला नसता.

एका वळणापलीकडे गाडी दिसली. डोंगराच्या बाजूला, एक चाक गटारात, चाकांना दगड लावलेले. शेजारच्या कठड्यावर सासूबाई संत्रं सोलत बसल्या होत्या आणि सासरेबुवा रस्त्यावर येरझाऱ्या घालत होते.

त्याचा जीव भांड्यात पडला. बायको गाडी थांबायच्या आत उतरली आणि बाबांच्या गळ्यात पडून रडली.

"अगं, रडतेस काय? ऐक तर!" सासरेबुवांना श्रोते हवेच होते. "पेडल दाबलं, तर थेट खाली! दुसरा कुणी असता तर गडबडून गेला असता. पण नाही. चौथ्यावरून तिसरा, मग दुसरा, मग पहिला. इंजिनानेच गाडी आवळत आणली. हँडब्रेक थोडा ओढला..."

"हँडब्रेक शेवटी," सासूबाई संत्र्याकडे बघतच म्हणाल्या.

"हो, शेवटी. मग डोंगराच्या कडेला घेऊन चाक हळूच गटारात घातलं. आणि खलास! दिवासुद्धा फुटला नाही."

जावई ऐकतच राहिला. पट्टीच्या ड्रायव्हरलाही हे जमलं नसतं.

"बाबा, मी बसवलेले पॅड नकली निघाले. माझ्यामुळे आज..." त्याने हात जोडले.

"सोडा हो, जावईबापू. तुम्हालाही फसवलंच ना त्यांनी? कळल्याबरोबर धावत आलात, आणखी काय पाहिजे?"

"तो माल एकाही गाडीला लागू देणार नाही. आणि विकणाऱ्याला तर उद्याच गाठतो."

बायकोने डोळे पुसले. "आई, तू घाबरली नाहीस?"

"घाबरायला सवड कुठे होती?" सासूबाई म्हणाल्या आणि तिच्या हातावर संत्र्याची फोड ठेवली.

बायकोने ती तोंडात टाकली. मग बाबांचा हात हातात घेऊन म्हणाली, "चुकलं माझं. पुन्हा कधी किल्लीचं नाव काढणार नाही. तुमचा हात कसलेला आहे, बाबा."

सासरेबुवा एकाएकी खोकले. "असू दे, असू दे," म्हणत त्यांनी दरीकडे तोंड फिरवलं. एवढं कौतुक होऊनही ते गप्प बसलेले जावयाने प्रथमच पाहिले, आणि त्याला ते फार आवडले. सगळे सुखरूप होते. ऊन छान पडलं होतं.

सगळ्यांनी बाहेरून ढकलून गाडी गटारातून काढली. त्याने चाकांना पुन्हा दगड लावले, जॅक लावला, चाकं उतरवली आणि नकली पॅड काढून जुने बसवले. चाकं पुन्हा चढली. आता पेडल दोन-चारदा दाबून ब्रेक घट्ट करून घ्यायचे, की निघायला मोकळे. हात पुसत त्याने ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि तो आत बसायला गेला.

त्याचे गुडघे स्टिअरिंगवर आदळले. सीट पुढच्या शेवटच्या खाचेपर्यंत ओढलेली होती, आणि बसणारीला काचेपलीकडचा रस्ता दिसावा म्हणून तिच्यावर सासूबाईंची शाल चौघडी करून ठेवलेली होती.