पायात दोष

बघायला आलेल्या मंडळींना मुलगी पहिल्यांदा दिसली ती पाठमोरी. तनुजा जिना उलटी उतरत होती. दोन्ही हातांनी कठडा धरून एक पाय खाली, मग दुसरा त्याच पायरीवर, मग जरा दम. अंगावर आईची मोरपंखी साडी. खाली दिवाणखान्यात मुलाच्या वडिलांचा, दादासाहेबांचा, पोह्यांचा चमचा तोंडापाशी थांबला तो थांबलाच.

"सावकाश गं," मुलीची आई जयमालाबाई म्हणाल्या. आता ह्याहून सावकाश कोण उतरणार होतं?

चूक म्हणाल तर पाहुण्यांचीच. ठरलं होतं पुढच्या रविवारी. पण वीसेक किलोमीटरवरच्या माणची ही मंडळी दर्शनाला आळंदीला आली, आणि मोशी वाटेवरच आहे तर उरकून टाकू म्हणून दुपारी फोन केला. तनुजा सकाळीच मॅरेथॉन पळून आली होती. आदला अख्खा दिवस चाकणच्या कंपनीत असेंब्ली लाइनवर उभी, आणि त्याच दमलेल्या पायांवर बेचाळीस किलोमीटर. फोन आला तेव्हा ती भिंतीला पाय वर टेकवून आडवी पडली होती. उठली ती एकाच कारणानं, मुलगा तिला आवडला होता. अजिंक्य. फोनवर दोन-तीनदा बोलणं झालं होतं, आणि समोरच्याचं तो पूर्ण ऐकून घ्यायचा. पळण्याचं मात्र तिनं त्याला सांगितलं नव्हतं. आधी जमू दे, मग बघू, अशी वडिलांची, मालोजीरावांची, ताकीद होती.

"आजींच्या पाया पड," आईनं सांगितलं.

अजिंक्यची आजी, गिरजाबाई, सोफ्याच्या टोकाला बसल्या होत्या. तनुजा त्यांच्यापुढे वाकली, खाली गेली आणि तिथंच राहिली. मांड्या काही केल्या तिला वर उचलेनात. अजिंक्य अर्धवट उठला, बापाकडे बघून परत बसला.

"पोरीच्या पायात काय दोष हाय का?" दादासाहेबांनी सरळच विचारलं.

"न्हाई न्हाई," मालोजीराव घाईघाईनं म्हणाले. "ल्हानपणी आंब्यावरनं पडली व्हती. जरासं राहिलंय तेवढं. थंडीत दुखतं."

तनुजानं खालूनच वडिलांकडे पाहिलं. आपण ऐकलं ते खरं की काय, तिला कळेना. उभ्या जन्मात ती आंब्यावर चढली नव्हती. मुलगी पळते म्हणण्यापेक्षा मुलगी लंगडते म्हणणं बापाला सोपं गेलं होतं. पायांपेक्षा तिला हे जास्त लागलं.

"मी कुठून पडले नाही," ती म्हणाली. "आज सकाळी मॅरेथॉन पळालेय. बेचाळीस किलोमीटर. दोन-तीन दिवसांत पाय मोकळे होतील."

जयमालाबाईंनी डोळे मिटून घेतले. दादासाहेबांनी मालोजीरावांकडे पाहिलं, मालोजीरावांनी पंख्याकडे.

"असू द्या," शेवटी दादासाहेबच म्हणाले. माणूस तसा वाईट नव्हता. "हौस असती एकेकाची. झाली ना आता? आमच्यात सुना पळत न्हाईत. लग्नानंतर बंद करा म्हंजी झालं."

"बंद म्हंजी बंदच," मालोजीराव म्हणाले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

तनुजा अजिंक्यकडे बघत राहिली. काहीतरी बोलेल. एक शब्द तरी. तो बशीतली कोथिंबीर चमच्यानं कडेला सारत बसला. जमलं तर पळणं गेलं, आणि पळणं ठेवलं तर हा गेला.

"पोरी, बेचाळीस म्हंजी हितनं कुठवर गं?" गिरजाबाईंनी विचारलं.

"इथून तुमच्या माणला जाऊन परत यायचं, आजी. जवळजवळ तेवढं."

गिरजाबाईंनी मनातल्या मनात तो रस्ता पुरा केला असावा. मग म्हणाल्या, "येवढं पळालीस. मागं कोण लागलं व्हतं?"

सगळे हसले. हसायला मिळालं म्हणून जरा जास्तच हसले.

"कुणी नाही, आजी. आपली आपणच पळाले."

"कुणीच न्हाई?" गिरजाबाई हसल्या नव्हत्या. "मी पळाले ती येकदाच. माणवरनं रावेतला, म्हायेराकडं. ह्यो पोटात व्हता." त्यांनी हनुवटीनं दादासाहेबांकडे दाखवलं. "मागं ह्याचा बाप. हातात बैलाचा चाबूक."

हसणं तिथल्या तिथं थांबलं.

"आई..." दादासाहेब म्हणाले. बापाच्या फोटोला सकाळी हार घालून ते घरातून निघाले होते. साठीला आले तरी ही गोष्ट त्यांच्या कानावर आली नव्हती, आणि आता आली ती परक्याच्या घरात, हातात पोह्यांची बशी धरलेली असताना.

"पवना नदीच्या काठाला आले आन् पायच गेले," दूध नासल्याचं सांगावं तशा आवाजात गिरजाबाई म्हणाल्या. "न्हाईतर सुटले असते."

मग त्या सोफ्यावरून खाली सरकल्या, तनुजाशेजारी फरशीवर बसल्या, आणि तिचा पाय ओढून त्यांनी आपल्या मांडीवर घेतला.

"आजी, नको, माझ्या पायाला हात नका लावू."

"गप बस." अंगठ्यानं त्या पोटरी रगडू लागल्या. गाठ सापडली तशी तनुजा कळवळली.

"आमच्याकडं यायचं का न्हाई, त्ये तुझं तू ठरीव," गिरजाबाई खाली मान घालूनच म्हणाल्या. "पन आलीस, तर पळणं सोडू नगंस."