पहिले तानपुरा लाव

डॉ. उमाठे हवामानाचे शास्त्रज्ञ आणि पक्के गवई. कान तिखट, जीभ त्याहून तिखट. पृथ्वी तापते आहे असं मोठमोठे विद्वान म्हणू लागले, तेव्हा मान डोलवायला त्यांनी साफ नकार दिला.

त्यांच्या हाताखालच्या जयाने नागपूरचा चढता पारा दाखवला की ते हसायचे. "पहिले तानपुरा लाव, मंग गवयाले नावं ठेव! तुह्या थर्मामीटरच्या बाजूले डांबरी सडक झाली वं. तापणार नाही त काय?"

जया त्यांच्याकडे गाणंही शिकायची. पण मैफलीत मागे बसून तानपुरा धरायचा मान तिला कधी मिळाला नव्हता. "तुहा कान अजून कच्चा आहे," एवढंच उत्तर.

मग हट्टाला पेटून उमाठ्यांनी रामटेककडच्या धानाच्या शेतात, सडकेपासून कोसभर आत, आपला थर्मामीटर लावला आणि बरीच वर्षं स्वतःच जाऊन वाचला.

आज परिषदेत ते रामटेकचे आकडे मांडायला उठले. जया हरायची तयारी करूनच बसली होती.

"रामटेकचा पाराही चढून राहिला," ते म्हणाले. "माही शंका खोटी निघाली."

एवढं बोलून ते बाहेर पडले. जया त्यांच्यामागे व्हरांड्यात धावली. "सर, ते आकडे फक्त तुमच्याजवळ होते. नसते सांगितले, तर कोणाला कळलं असतं?"

"मले कळलं होतं ना."

चार पावलं जाऊन ते थांबले. "अन् संध्याकाळी मैफलीले लवकर येजो. तानपुरा तुले धरायचा आहे."