सरळ गेलेला घोडा

कॉलेजच्या अर्जाला वजन यावं म्हणून तिने बुद्धिबळ मंडळ काढलं आणि स्वतःच अध्यक्ष झाली. पण वर्गात ज्याने त्याने आपापलं मंडळ काढलेलं. सभासद व्हायला उरलंय कोण? शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात दोन्ही बाजूंनी एकटीच खेळायची. आज जिवलग मैत्रीण धापा टाकत आली. "चला अध्यक्षीणबाई, अर्जासाठी फोटो काढू! पटकन, माझं वादविवाद मंडळ खोळंबलंय." "कितीजण आहात?" "मला धरून? एक!" दोघी खो खो हसल्या. मैत्रिणीने फोन टायमरवर लावून बाकावर टेकवला, समोर बसून घोडा सरळ ढकलला, फोटोपुरत्या आठ्या घातल्या आणि क्लिक होताच दप्तर उचललं. "अगं, एक डाव तरी खेळ ना." "उद्या नक्की!" घोडा अडीच घरं चालतो, हे अध्यक्षीणबाईंना ठाऊक होतं, तरी तिने तो परत जागेवर ठेवला नाही. आपलं प्यादं सरकवून रिकाम्या बाकाला म्हणाली, "तुझी चाल."